घर म्हटल्यावर वहिनी थांबली

कूलरच्या ओल्या खसाचा वास आला की मला आमच्या कॉलेजची मानसशास्त्राची प्रयोगशाळा आठवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी एक प्रयोग असायचा: आपण शब्द म्हणायचा आणि समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. समोर बसायला मी नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरून माझ्या वहिनीला घेऊन गेले. दादा जाऊन वर्ष झालं होतं आणि ती आमच्याकडेच राहत होती. ती इथे सुखात आहे असं आई सगळ्यांना सांगायची. झाड म्हटल्यावर वहिनी सावली म्हणाली, चूल म्हटल्यावर भाकर. मी घर म्हटलं आणि ती थांबली. कूलर घरघरत राहिला, तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पण शब्द काही आला नाही. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मनात काहीतरी दाबलेलं दिसतंय." शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण म्हणाली, सासरी बोलायची सवयच मोडली असेल. परतताना स्कूटीवर मागून वहिनी म्हणाली, "ताई, मले कळमेश्वरले जायचं आहे, आईकडे. तिथं काम पाहीन." मी गाडी बाजूला घेतली. "मग आजपर्यंत बोलली काहून नाहीस?" "कोणी इचारलंच नाही वं." माझी आई दोन दिवस रडली, आणि मग तिनेच वहिनीची बॅग भरली. वहिनी आता तिथल्या एका कारखान्यात कामाला आहे. मी मानसशास्त्र शिकवते. माणूस असा का वागतो याची निरनिराळी उत्तरं मी फळ्यावर लिहिते, मुलं ती पाठ करतात, आणि त्यांतलं एकही चूक नाही. वहिनीला मात्र मी त्यांतलं एकही कधी सांगितलं नाही.