दुसरी टोपली

माझ्या भाकऱ्या गाईपुढं पडल्या होत्या. मांडवामागं, गोणपाटावर. पंचवीस कडक भाकऱ्या, पहाटे उठून थापलेल्या. हिरव्या काठाच्या टॉवेलात बांधून दिल्या होत्या. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाई करते, तो काठ माझ्या हातचा. ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं.

पुढं महाप्रसादाची पंगत बसली होती. आमच्या कॉलनीत मंडळाची पद्धत आहे, घरटी पंचवीस भाकऱ्या द्यायच्या. सगळ्यांच्या एका टोपलीत. आम्हा चार बौद्ध घरांच्या दुसरीत. तीन वर्षं देत होते. दुसरी टोपली कुठं जाते, कधी विचारलं नाही. त्या दिवशी मीठ आणायला मागं गेले, म्हणून कळलं.

लोक मला विचारतात, तुमची बौद्ध माणसं मंडळाच्या मिरवणुकीत जातातच कशी? सांगते. हाक मारली की जातात. कॉलनीत आले तेव्हा वर्षभर मंडळाच्या घरांतल्या कुणी माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. मंडळाच्या सुनंदावहिनी पहिल्यांदा उंबऱ्यात आल्या. ताई म्हणाल्या. हळदीकुंकवाला बोलावलं. मी देव मानत नाही, तरी गेले. हातात झेंडा दिला, डोक्याला फेटा बांधला. फोटोत पुढच्या रांगेत मी. आईला तो फोटो दाखवताना ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू? राजकारणाचं कुणी बोललंच नाही. निवडणूक आली तेव्हा त्याच वहिनी पक्षाच्या मतदार चिठ्ठ्या घेऊन आल्या. मी काही न विचारता त्यांच्याबरोबर दारोदार फिरले.

मग एकदा वहिनी सहज बोलल्यासारखं बोलल्या, "शाहीनच्या गिरणीत आपण कुणी दळायचं नाही आता. प्रसादाचं पीठ असतं."

शाहीनआपा. माझ्या बाळंतपणात ज्वारी दळून डबा स्वतः घरात आणून ठेवणारी. तिच्या माठातलं पाणी मी माझ्या हातानं घेऊन प्यायचे. आठवलं नाही का? आठवलं. पण वहिनींनी मला आपल्यात धरलं, एवढंच कानात राहिलं. पदराखाली डबा झाकून मी लांबच्या गिरणीला जाऊ लागले. तिसऱ्या खेपेला आपानं पाहिलं. दारातूनच विचारलं, "क्या हुआ गे? आटा मोटा आरा क्या? बोलना था ना, पत्थर को टाकी मार लेती थी मैं."

दगड बोथट होऊन पीठ जाडं येत असेल, चूक तिच्या गिरणीची असेल, असं तिला वाटलं.

"तिकडची जवळ पडती," मी म्हटलं. तिची गिरणी माझ्या दारासमोर आहे. तिनं एकदा माझ्या दाराकडं, एकदा माझ्या पदराकडं पाहिलं आणि आत गेली.

गाईपुढं उभी राहून मला तिचा तो चेहरा दिसत होता. लांबून दळून आणलेलं पीठ, तरी भाकरी बाटलेलीच. उरल्यासुरल्या भाकऱ्या टॉवेलात गोळा केल्या आणि मांडवात वहिनींसमोर जाऊन उभी राहिले.

त्या हसल्या. "अहो ताई, गाईच्या मुखी गेलं, पुण्यच लागलं की तुम्हाला. आपल्यात कुठं भेद आहे?"

"भेद न्हाय तर टोपल्या दोन कशाला, वहिनी?"

पंगतीत कुणी मान वर केली नाही. वाढप्या भात वाढत राहिला.

दुसऱ्या दिवशी ज्वारीचा डबा घेऊन आपाकडं गेले. सगळं सांगितलं. रडले. तिनं दळून दिलं, झाकण लावून डबा पुढं सरकवला. पाणी विचारलं नाही.

तिचं काय चुकलं? वहिनींनी मला ज्या टोपलीत टाकलं, त्याच टोपलीत मी आपाला टाकलं होतं. कुणी माझा हात धरला नव्हता. हे आता आयुष्यभर घशाखाली उतरायचं नाही, आणि उतरूही नये.

पुढच्या वर्षी मंडळ परत दारात येईल. ताई म्हणेल. मी भाकरी देणार नाही, झेंडा धरणार नाही. आपाच्या गिरणीसमोर, तिला ऐकू जाईल असं विचारणार, "मला आत घेताय, ते कुणाला भाईर काढायला?" आणि उत्तर मिळेपर्यंत उंबरा अडवून उभी राहणार.