कोठी की कोटी

पोलिसांतल्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्यात, पण ती चोरी मात्र आजही लख्ख आठवते. तंजावूरबाहेर पेनड्राइव्ह बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथून मेमरी चिपांची खोकी गेल्याची फिर्याद मालकाने दिली. कुलूप शाबूत, आणि किल्ली स्टोअर सांभाळणाऱ्या बाईकडे. ती विधवा, घरात कमावणारी एकटी. मालकाचा एकच धोशा, हिला आत टाका, म्हणजे विम्याचं काम पुढे सरकेल. बाई रडली नाही. मी किल्ली कुणाला दिली नाही, एवढंच सांगत राहिली. तिची अटक जवळजवळ ठरलीच होती.

ज्याच्याकडे चोरी होते तो माणूस आधी मालाचं विचारतो, विम्याचं नंतर. इथे सगळं उलटं चाललेलं.

तेवढ्यात बाजारातल्या एका मोबाईल दुकानदाराने खबर दिली. चिपांचे भाव गडगडले होते. कारखान्याच्या मालकाने चढ्या भावात माल भरून ठेवलेला, आणि पेनड्राइव्ह विकावे लागत होते आजच्या भावात. नफा सोडाच, पदरचे जात होते. "साहेब, हा माल चोरून चोराचंही दिवाळं निघेल," दुकानदार म्हणाला. विमा मात्र खरेदीच्या भावाने मिळणार होता.

नुसत्या संशयावर केस उभी राहत नाही. मालकाला ठाण्यात बोलावलं. तमिळमध्ये चौकशी चालू असताना त्याच्या घरून फोन आला आणि तो बिनधास्त मराठीत बोलला, "आई, कोठीतलं काही हलवू नको. कुणाला आत सोडू नको."

पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरांची ही जुनी खोड. चारचौघांत गुपित बोलायचं तर मराठीत. माझ्या नावपट्टीवर आद्याक्षर आणि नाव, पुढे इथल्या मराठी माणसाची खूण असलेला 'राव' नाही, मग मीही मराठी हे त्याला कळणार कसं? शेजारचा हवालदार पक्का तमिळ, त्याच्या कानाला ट आणि ठ एकच. हळूच मला म्हणतो, सर, कोटीचा व्यवहार दिसतोय! मला हसू आवरेना. आमच्याकडे कोठी म्हणजे भात साठवायची खोली.

मी मराठीत विचारलं, "कोठीत भाताशिवाय काय ठेवलंय?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्ही आमच्यातले?" एवढंच बोलला. पंचांसमक्ष झडती घेतली, तेव्हा भाताच्या पोत्यांमागे खोकी सापडली. बाईवरचा संशय त्याच दिवशी मिटला.

पुरावा कुठून हाती लागेल, सांगता येत नाही. लहानपणी तमिळमध्ये जेवण मागितलं तर आई ताटात वाढायची नाही. तेव्हा भयंकर राग यायचा. तिने तो हट्ट सोडला असता तर एक निरपराध बाई माझ्याच हातून तुरुंगात गेली असती. हे ऋण मी कशाने फेडू?

आईच्या त्या हट्टाचं मी बाईला सांगितलं होतं. पोंगलला ती ऊस घेऊन घरी आली आणि थेट आईच्या पाया पडली. आई गोंधळली. मी म्हटलं, कोठीनं हिला वाचवलं.

"अरे, आपल्या कोठीत तर नुसता भात आहे," आई म्हणाली. "थोडा बांधून दे तिला."