घासलेटाच्या विहिरीचा निकाल

कुठल्याही गोष्टीचा निकाल चारचौघांत वाचलाच पाहिजे, या एका हट्टापायी आमच्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आतोबांनी, अख्ख्या कुरुंदा गावाला सळो की पळो करून सोडलं होतं. पाडव्याला जोशीबुवा नवं पंचांग वाचायला आले की आतोबा आधी गेल्या सालच्या पावसाच्या भाकिताचं काय झालं ते विचारायचे. बिचारे जोशी आमची गल्लीच टाळू लागले. वैद्याला आतोबा म्हणायचे, आधीच्या रोग्यांचं काय झालं ते सांगा, मग पुडी बांधा. असा माणूस घरात असणं म्हणजे काय, ते आत्यालाच ठाऊक!

लढाईच्या दिवसांत घासलेट मिळेनासं झालं आणि नेमका त्यांच्या रानातल्या विहिरीत तेलाचा तवंग दिसला. गप्प बसतील तर ते आतोबा कसले! खाली घासलेटाचा साठा आहे, अशी अर्जी त्यांनी स्वतःच वसमतच्या कचेरीत दिली. सरकारी माणसं आली, विहिरीशेजारी खोल भोक पाडलं, विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि निकाल लागेपर्यंत पाणी उपसायचं नाही असं बजावून गेली. गेली ती गेलीच. इकडे रानातली हळद करपायला लागली.

आतोबा कचेरीच्या पायरीवर ठाण मांडून बसू लागले. तेल निघालंच नाही तर कागद कशाला बघायचा, असं तिथला कारकून म्हणे. शिपाई हाकलायला आला तरी हे हलेनात.

"न्हाई निघालं, ह्यो बी निकालच हाय," आतोबा म्हणाले. "भोक माज्या रानात पाडलं. नक्कल घेतल्याबिगर उठत न्हाई."

शेवटी कंटाळून कचेरीवाल्यांनी नक्कल दिली. आतोबांनी बाजाराच्या दिवशी हलगी वाजवून माणसं जमवली. तेव्हा कचेरीचा कारभारच उर्दूत, तसा कागदही उर्दूत होता, आणि आतोबांना तो वाचता यायचा. मी उर्दू शाळेत शिकलेला, त्यांच्या खांद्याशीच उभा होतो. जमिनीत तेल नाही, विहीर मोकळी, हे त्यांनी खड्या आवाजात वाचलं. पुढं लिहिलं होतं की तवंग नव्या मोटेला चोपडलेल्या करंजाच्या तेलाचा आहे, आणि ते तेल, गड्याच्या जबानीप्रमाणे, मालकाच्या बायकोनं वारेमाप ओतलं होतं. आत्या समोरच बायकांत उभी होती, मान खाली घालून.

आतोबांनी कागदावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी वाचलं, "तेल मालकानं सोताच्या हातानं वतलं. मालक येडा हाय."

सगळा बाजार खो-खो हसला. आतोबा तसेच रानात गेले आणि त्यांनी फळ्या उपटल्या. अर्धी हळद तेवढी वाचली. लोक त्यांना मरेपर्यंत घासलेटवाले म्हणत राहिले, आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

ते गेले त्या दिवशी आत्यानं मला जवळ बसवलं. "त्या कागदात माजंच लिवलं व्हतं ना रं?"

मी हो म्हटलं. तेव्हा कुठे ती रडली.