दुसरा कौल

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. बोलायला बसले की आबांच्या उपकारांवरच घसरते — आणि मूळ गोष्ट राहून जाते. आज राहू द्यायची नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यातल्या एका संस्थेत नवी होते. खुटबावकडच्या उजाड माळावर झाडी कशी परतेल, हे आम्ही कॉम्प्युटरवर आजमावत होतो. पाऊस, गवत, रोपं, मेंढरं — सगळ्याचे आकडे भरायचे, की पुढच्या कित्येक वर्षांचा माळ पडद्यावर दिसायचा.

"म्हंजी द्येवाला कौल लावल्यागतच की!" आबा म्हणाले. आबा त्याच माळावर मेंढरं चारायचे. मी हसले, पण नाव तेच पडलं. जो भेटेल तो विचारायचा, ताई, कौल कवा मिळायचा?

मला तिथं ओळखत कोण होतं? आबांनी भाकरी दिली, भर पावसात स्वतःचं घोंगडं माझ्या डोक्यावर टाकलं, घरोघरी नेऊन माझी ओळख करून दिली. त्यांच्यामुळे मी त्या गावची झाले.

कौल मिळाला — खरं तर दोन. माळ पूर्ण बंद ठेवला तर झाडी लवकर यायची. अर्धा राखला, अर्ध्यात मेंढरं चारली आणि पुढच्या पावसाळ्यात उलट केलं, तरी यायचीच — जरा उशिरा. संस्थेतल्या आमच्या साहेबांना पूर्ण चराईबंदी हवी होती. आणि मला साहेबांची शाबासकी.

देवळातल्या सभेत मी एकच कौल सांगितला. लोक कुरकुरले. तेव्हा उठून उभं कोण राहिलं? ज्यांची मेंढरं जाणार होती, ते आबा!

"ताई खोटं न्हाई बोलायच्या. कौल आलाय, आता पाळायचा."

आबा, अजून एक आहे — एवढंच म्हणायचं होतं. मी खाली बघत राहिले.

आबांनी मेंढरं विकली. दुसऱ्याच्या उसाला पाणी धरू लागले. झाडी मात्र खरंच आली. काही वर्षांनी गेले, तर त्यांनी मला कौतुकानं माळावर नव्यानं वाढलेल्या हिवराच्या झाडाखाली सावलीत बसवलं. "तुमचा कौल खरा निघाला बगा, ताई." तेव्हाही दुसरा कौल मी सांगितला नाही. निघताना त्यांनी हातात नवंकोरं घोंगडं ठेवलं — त्यांच्या मेंढरांच्या शेवटच्या लोकरीचं.

आबा आता नाहीत. थंडीत मी तेच घोंगडं पांघरते — आणि तरीही मला शांत झोप लागते.