जामाच्या झाडावरचे राजेसाहेब

आमच्या राजेसाहेबांना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा ते जामाच्या झाडावर होते. (जाम म्हणजे तुमचा पुण्याकडचा पेरू.) आणि ते चढले होते ते माझ्याच भीतीने!

त्या दिवशी माझं लग्न होतं. आमचं गाव आरमोरीच्या बाजूला, नवरी वैनगंगेपलीकडची, मुहूर्त गोरज. म्हणजे दुपार कलायच्या आत गाड्या नदीपार व्हायलाच हव्या होत्या. पण आमच्याकडे रिवाज असा, की नवरदेवाने आधी राजेसाहेबांपुढे नारळ ठेवायचा, त्यांनी टिळा लावून आपल्याकडचं पागोटं त्याच्या डोक्यावर बांधायचं, मगच वरात पुढे. खरं तर ते जमीनदार. पण गाव त्यांना राजेच म्हणे. आता ती जमीनदारीही सरकारजमा होऊन दोन वर्षं झाली होती.

"बाबा, आता कुठी राजे राह्यले? सरळ नदीकडं काढा गाड्या," मी म्हटलं.

बाबा कडाडले, "सरकारनं जमीन नेली, जंगल नेलं. हात नेले का त्याइचे? माह्या डोक्यावर थोरल्या राजाचं पागोटं होतं, म्हणून तुही माय टिकली इतकी वर्षं!"

मागच्या गाडीतून मायने नुसतं "हुं" केलं.

पाच गाड्या राजेसाहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. म्हातारे दिवाणजी बाहेर आले. "राजेसाहेब पूजेले बसले हायेत."

बऱ्याच वेळाने पुन्हा आले. "आंघोळ करून राह्यले."

"पूजा झाल्यावर आंघोळ?" बाबा चक्रावले.

तिसऱ्यांदा दिवाणजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "राजेसाहेब नागपूरले गेले."

"आंघोळ करता करता?" बाबांनी पायरीवर बैठकच मारली. "येऊ द्या परत. आमी थांबतो!"

सूर्य डोक्यावरून कलला. बैल फुरफुरू लागले. घाबरलो की माझं पोट बिघडतं, आणि त्या दिवशी तर मी पहाटेपासूनच घाबरलेला होतो. शेवटी लोटा घेऊन गोठ्यामागे पळालो. टेकणार, इतक्यात झाड बोललं, "इथी नको रे बापा!"

वर पाहिलं. फांदीवर बंडी घातलेले साठीचे गृहस्थ. मिशांवरून ओळखलं. मुजरा करायला गेलो, तर लोटा सांडला!

"नवरदेव काय?" ते कुजबुजले. "हळू बोल. तुह्या बापाले सांग, मी नाई घरी."

"काऊन पण, राजेसाहेब?"

"पागोटी सरली, बापा. या मोसमात सतरा नवरदेव झाले. पेटीतली सरली, राणीसाहेबाचा शालू फाडून दोन केली, परवा माह्या डोक्यावरचं गेलं. आता तुह्या डोक्यावर काय, धोतर बांधू? पेपरात वाचलं, मिसर देशाच्या राजाचं राज्य गेलं तर तो जहाजात बसून निघून गेला. मले तर हे जामाचंच झाड!"

इतकं ऐकून त्यांची दया यावी; पण मला आठवला मुहूर्त. डोक्यावरचं वडशाच्या बाजारातलं नवंकोरं पागोटं काढून मी वर फेकलं. "हेच बांधा पुन्हा. पण लवकर!"

मी बोडक्या डोक्याने परतलो. बाबा किंचाळलेच, "पागोटं कुठी गेलं?"

"बैलानं खाल्लं." (दुसरं काही सुचलंच नाही.)

"नवरदेवाचं पागोटं बैलानं खाल्लं! झालं! सोन्यासारख्या लग्नाले नाट लागला!"

ते कपाळ बडवत असतानाच राजेसाहेब अंगरखा घालून, हातात पागोट्याचं ताट घेऊन प्रकटले. नागपूरहून! बाबांनी आनंदाने लोटांगणच घातलं. "पाह्य, पाह्य कापड! राजाचं कापड वेगळंच!"

माय पुढे वाकली. पागोट्याच्या पदराला तिने स्वतः सकाळी बांधलेलं हळकुंड तिथेच लोंबत होतं. तिने तोंड उघडलं. राजेसाहेबांनी ताटावरून तिला हळूच डोळ्यांनीच हात जोडले. मायने तोंड मिटलं.

"बांधून घे, बाबू," ती म्हणाली. "त्याइच्या हातचं हाय."

इथेच सुटलो असतो. पण भारावलेल्या बाबांनी राजेसाहेबांना गाडीत घेतलं! गावोगाव लोक गाडी थांबवून त्यांच्या पाया पडू लागले. नदी ओलांडून मांडवाशी पोचलो, तेव्हा गुरं घरी परतत होती. नवरीकडचे सगळे धावले ते थेट राजेसाहेबांकडे. त्यांना मांडवात नेलं, मधोमध गावातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं, हार घातला, वारा घातला. आणि मी बाहेर, बैलांजवळ!

नवरीला आणलं. तिने पदराआडून खुर्चीकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला. बायका कौतुकाने म्हणाल्या, "माहेर सुटून राह्यलं नं!" राजेसाहेब मात्र ताडकन उठले, गर्दीतून वाट काढत आले आणि माझं मनगट धरून मला पाटावर उभं केलं. "अरे, लगन याचं हाय!"

लग्न लागलं. राजेसाहेब आमच्या शेजारी पंगतीला बसून पोटभर जेवले.

पुढे पंधरा दिवसांनी मी बायकोला हसत विचारलं, "त्या दिवशी तुले वाटलं नं, नवरदेव तो म्हातारा म्हणून?"

"हो," ती लाजून म्हणाली. "लय रडू आलं."

"मग मी आल्यावर थांबलं असंल?"

"थांबत आलं होतं," ती म्हणाली. "मग तुमचं तोंड दिसलं."