पदकांच्या रकान्यातली रेघ

बाबा पलटणीतून सुटले तेव्हा त्यांना एक लहानसं पुस्तक मिळालं होतं. तपकिरी पुठ्ठा, आत त्यांचा नंबर, उंची, छातीचं माप, अंगावरच्या खुणा. कुठल्या मुलखात लढले, कशामुळे सुटले, सगळं इंग्रजीत. शेवटून दुसऱ्या पानावर मिळालेल्या पदकांचा रकाना होता आणि त्यात कुणा कारकुनाने शाईची आडवी रेघ ओढून ठेवली होती. म्हणजे काही नाही. लालबागच्या आमच्या खोलीत ते पुस्तक आईच्या ट्रंकेत, लग्नातल्या लुगड्याखाली असायचं.

बाबांचं म्हणणं होतं की ती रेघ चुकीची आहे.

मी आईच्या पोटात असताना ते भरती झाले. इटलीत एका नदीपलीकडे अडकलेले जखमी त्यांनी पाठीवर घेऊन तीन खेपांत अलीकडे आणले. तिसऱ्या खेपेला मांडीत गोळी लागली. इस्पितळात साहेब खाटेपाशी आला आणि म्हणाला, तुझं नाव शौर्यपदकासाठी वर गेलंय, मिळणार नक्की. मग पलटण पुढे गेली, बाबा बोटीने घरी आले, आणि त्या पदकाबद्दल पुन्हा कुणी अवाक्षर कळवलं नाही. ही हकीकत बाबा वर्षातून एखाद्या वेळी सांगत, आणि दरवेळी तेवढ्याच शब्दांत. त्यात कधी चौथी खेप आली नाही. पण चाळीत कुणाला ते कळायला? लंगडत मिलच्या गेटवर उभा राहणारा पहारेकरी आणि म्हणे शौर्यपदक!

मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं ते दिवस. आमचीही खोली काही मागे नव्हती. आई लाटणं घेऊन मोर्चाला जाऊन आली होती. गोळीबार झाला त्या आठवड्यात चाळीतली पोरं गच्चीवर दगड गोळा करू लागली. बाबांनी त्यांना हटकलं. "दगडान गोळी थांबना नाय रे. मी बघलंय," एवढंच म्हणाले. त्यावर कोपऱ्यातल्या खोलीतला एक तरणा पोरगा उसळला.

"तुम्ही इंग्रजांचे शिपाई, शिपाईमामा. तुम्हाला काय कळणार? आणि पदक पदक करता, ते दाखवा ना एकदा!"

पोरं हसली. बाबा खाली आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. मला त्या पोराचा राग आला, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही आला. खरं असेल तर गप्प का बसता? आणि खोटं असेल तर? हा दुसरा प्रश्न माझ्या मनात आला होता. त्याची लाज मला आजही वाटते.

मी तेव्हा मॅट्रिक झाले होते. चाळीत इंग्रजी पत्र लिहू शकणारी मुलगी मी एकटीच, आणि तो तोरा मी मिरवत असे. मी ट्रंकेतून पुस्तक काढलं, बाबांचा नंबर उतरवून घेतला आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं: नोंद तपासावी आणि मिळालेलं पदक रकान्यात चढवावं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. बाबा आणि काका जेवून बसले होते. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवत, बायको लवकर गेली, मग आमच्यातच राहिले. मी पत्र उघडलं आणि इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले. या नंबरचा शिपाई मयत असल्याची नोंद आहे. अर्जदाराने आपलं मयताशी असलेलं नातं कळवावं.

बाबा खळखळून हसले. "आयुष वाढला गो माझा!"

"मेले ते कारकून!" आई म्हणाली आणि देवापुढे निरांजन लावायला उठली.

काका सुपारी कातरत होते. अडकित्ता हातात तसाच राहिला. मग ते उठले, चपला घातल्या आणि खाली निघून गेले. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. काका तसे अबोलच. त्यांची एकच गोष्ट आमच्या घरात थट्टेला पुरायची, ती म्हणजे ते मासे खात नसत. कोकणातला माणूस, समुद्राच्या हाकेवर घर, आणि बांगडा समोर आला की ताट सरकवायचे. कसलासा नवस आहे, एवढंच आई सांगे. बांगड्याचं तिखलं शिजलं की खोलीभर वास दरवळायचा आणि काका डाळभात कालवत खाली मान घालून जेवायचे. "काका, तुमचा जन्म फुकट गेला," असं मी कितीदा म्हटलं असेन! ते नुसते हसायचे.

बाबा जिवंत आहेत हे सरकारला पटवायचं काम सोपं नव्हतं. परळच्या डॉक्टरांकडून हयातीचा दाखला घेतला. दहाही बोटांचे ठसे काळ्या शाईत उमटवून पाठवले, कारण भरतीच्या वेळचे ठसे त्यांच्याकडे होते. बाबा बोटं पुसत म्हणाले, चोराचे घेतात तसे घेतले. पण त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. रोज पोस्टमनच्या वेळेला ते गॅलरीत उभे राहत. मिलच्या पाळ्या त्यांनी त्यासाठी बदलून घेतल्या.

दुसरं पत्र जाडजूड होतं. पुन्हा आम्ही सगळे बसलो आणि मी वाचू लागले. ठसे जुळले आहेत. शौर्यपदक मंजूर झालं होतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. आई पदराने तोंड दाबून रडली. ती मंजुरी कळवणारं पत्र सुटलेल्या शिपायाच्या मुंबईच्या पत्त्यावर पाठवलं होतं. तो पत्ता आमच्या गावकऱ्यांच्या जुन्या गाळ्याचा होता. आई गावी असताना गावचे पंचवीसेक पुरुष करी रोडला एकाच मोठ्या खोलीत राहत, सगळ्यांचं टपाल तिथेच येई. ते पत्र एका चिठ्ठीसह परत आलं, असं पुढे लिहिलं होतं. त्या चिठ्ठीची नक्कल सोबत जोडली होती.

मी नक्कल उलगडली. टाइप केलेल्या तीनच ओळी. सदर इसम गावी आजाराने मरण पावला. त्याच्या नावे पुन्हा काही पाठवू नये. आणि खाली: सख्खा थोरला भाऊ.

बाबांना सख्खा थोरला भाऊ एकच होता, आणि तो माझ्यासमोर दीड हातावर बसला होता.

मी थांबले. कागद घडी करत म्हणाले, "अजून चौकशी चालू आहे, असं लिहिलंय."

"वाच गो चेडवा," काका म्हणाले. "ता माझाच लिवणां आसा. पोस्टाभायर बसता त्या लिवणाऱ्याकडसून मीयाच लिवन घेतलंय."

मग काका बोलले, आयुष्यात एका बैठकीला बोलले नसतील एवढे. बाबा लंगडत परतून फार वर्षं झाली नव्हती. उत्तरेला पुन्हा लढाई पेटल्याच्या बातम्या गाळ्यात रोज वाचल्या जात. सुटलेल्या शिपायांना माघारी बोलावणार, असं जो तो म्हणत होता. बाबा शिमग्याला गावी गेले होते, आणि गाळ्याचा कारभार पाहणाऱ्या काकांच्या हातात सरकारी शिक्क्याचं पाकीट पडलं. त्यांनी ते उघडलंही नाही. आतलं इंग्रजी त्यांना कळणार नव्हतंच, आणि गाळ्यातल्या कुणाला दाखवलं असतं तर बोभाटा झाला असता.

"आवशीक शब्द दिल्लंय," आजीला दिलेल्या शब्दाबद्दल ते बाबांकडे न बघता म्हणाले. "मरताना माझो हात धरून म्हणाली, ह्येका परत धाडू नको. माका वाटला, तुका बोलावणां इला. मेल्ल्या माणसाक कोण लढाईत नेता?"

मी किंचाळले. होय, मीच. "तुम्ही बाबांना मारलंत! दहा वर्षं लोक त्यांना हसले आणि तुम्ही ऐकत बसलात!" आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. बाबा उठून गॅलरीत गेले. आत आले तेव्हा शांत होते.

"पत्र फाडून टाक," मला म्हणाले. "माका नको ता पदक. माझो भाव सरकारच्या दारात उभो रवाचो नाय."

कारण पत्राच्या शेवटची अट मी तोवर वाचून दाखवली होती. ज्याने मृत्यूची खबर दिली त्याने ती खोटी असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं, तरच नोंद दुरुस्त होईल. सरकारला लेखी खोटं कळवलं म्हणून काकांना शिक्षा होणार का, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना तुरुंग दिसत होता. त्यांनी एका क्षणात पदक सोडून दिलं.

पण सकाळी काका कोट टोपी घालून तयार. "चल चेडवा, वकिलाकडे."

"दादा, माका नको म्हटलंय मा?" बाबा म्हणाले.

"तुका नको आसतला. माका होया. मीयाच मारलंय, मीयाच जितो करतलंय."

गिरगावात बाबांच्या मिलमधल्या हेडक्लार्कच्या ओळखीचे एक वकील होते. वयस्कर, गोरेपान, पांढरंशुभ्र धोतर. घराच्या ओसरीतच त्यांचं ऑफिस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहायला घेतलं. "गैरसमजुतीने सदर माहिती दिली गेली, असं लिहितो. म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही," ते म्हणाले.

काकांनी मान हलवली. "गैरसमज नाय सायबांनू. जितो आसा म्हायत होता, तरी मेलो म्हणान लिवलंय. एकदा खोटां लिवलंय ता पुरे. आता दुसऱ्यांदा नको."

वकिलांनी लेखणी खाली ठेवली. "एवढी वर्षं हे कुणाजवळ बोलला नाहीत?"

"कोणाक नाय. त्याच दिवशी देवळात जावन मासे सोडलंय. देवाक सांगितलंय, माझ्या तोंडातलो घास घे, पण माझा बोलणां खरां करू नको."

मी त्या ओसरीत बाकावर बसले होते. काकांचं खाली घातलेलं डोकं, डाळभात आणि माझी ती थट्टा मला एकदम आठवली. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं हा माणूस बाबांच्या आयुष्यासाठी रोज जेवताना नवस पाळत होता आणि मी त्याला म्हणत होते, जन्म फुकट गेला. मी रडू लागले. वकिलांनी आपल्या पत्नीला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. मग काकांच्या शब्दांप्रमाणेच लिहिलं, जाणूनबुजून, आणि फीचं नावही काढलं नाही.

परतताना ट्राम बंद होती. कुठेतरी मोर्चा अडवला होता. आम्ही गिरगावातून भायखळ्यामार्गे चालत निघालो. घोषणा देत माणसं समोरून येत होती. काकांचा हात मी लहानपणी धरत होते तसा धरला. "माफ करा," एवढंच मला जमलं. ते म्हणाले, "भूक लागली काय गो तुका?"

प्रतिज्ञापत्रासोबत बाबांचं पुस्तकही दुरुस्तीसाठी पाठवून दिलं. पुढचे महिने कठीण गेले. पोलीस चाळीत शिरले की काका दचकायचे. ते चळवळीच्या पोरांना शोधायला आलेले असायचे, पण काकांना वाटायचं आपल्यासाठीच. त्या कोपऱ्यातल्या पोराचं डोकं लाठीने फुटलं तेव्हा बाबांनीच त्याला खांद्यावर घेऊन जिना चढवला आणि पट्टी बांधली. तिखट बोलणारा तो पोरगा त्यानंतर बाबांपुढे मान वर करेना. बाबा त्याला पदकाबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत.

एका दुपारी रजिस्टर्ड टपालाने पुस्तक परत आलं. काकांविरुद्ध काही कारवाई नव्हती. आई नुकती पानं वाढत होती. मी हात धुऊन बसले आणि शेवटून दुसरं पान उघडलं. आडव्या रेघेवर लाल शाईने काट मारली होती आणि खाली पदकाचं नाव लिहून अधिकाऱ्याची सही होती. मी ते वाचून दाखवलं. बाबांनी पुस्तक हातात घेतलं, ते अक्षर बोटाने चाचपलं आणि मला परत दिलं.

"आणि ता?" काकांनी विचारलं. "तो जितो आसा म्हणान लिवलानी?"

सोबतच्या पत्रात ते होतं. मयत असल्याची नोंद रद्द करण्यात आली असून सदर शिपाई हयात आहे.

"परत वाच."

मी वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. पदकाची ओळ पुन्हा वाच, असं मात्र घरात कुणीच म्हटलं नाही.

आईने नेहमीसारखं काकांना डाळभात वाढलं. बाबांनी स्वतःच्या ताटात वाढलेला बांगडा अजून शिवलाही नव्हता. तो त्यांनी पुढ्यात ओढला, एकेक काटा काढून बाजूला ठेवला, अगदी मला लहानपणी काढून देत तसा, आणि मांस थोरल्या भावाच्या भातावर ठेवलं.

"दादा, जेव आता."

काकांनी देवाच्या दिशेला हात जोडले. मग हाताने घास कालवला आणि जेवले.