भुताच्या तुकड्याच्या पुढे

माझ्या लॅपटॉपवर नोट्स ठेवायची इतकी सॉफ्टवेअर पडून आहेत, की कुठलं कशासाठी घेतलं होतं याच्याच आता नोट्स ठेवायला हव्यात. एकात रंगीत खण आहेत. एकात प्रत्येक टिपण म्हणजे एक ठिपका, आणि ठिपक्या-ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. एकाला देवनागरी झेपत नाही. ‘खाडी’ शोध म्हटलं तर मख्खासारखं बघत बसतं. खांदा कॉलनीतल्या आमच्या घराचं जेवणाचं टेबल मी यापायी अडवून ठेवलंय, म्हणून नवरा कुरकुरतो. कुरकुरू दे.

काम खरं तर माझ्या सासऱ्यांचं. त्यांची शेतं आणि मिठागर उलव्याकडे, खाडीला लागून. विमानतळ आला, जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला आणि आम्ही सगळे इकडे राहायला आलो. एकदा त्यांना गाडीत घालून तिकडे नेलं. जिकडे तिकडे भराव, क्रेन, अर्धवट टॉवर. मी आपलं विचारलं, “बाबा, आपलं शेत कुठे होतं?” त्यांनी काच खाली केली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. “म्हायत नाय,” म्हणाले. अख्खा जन्म त्या चिखलात गेला आणि माणसाला बोट दाखवायला जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते आपणहून म्हणाले, “सूनबाय, तू कालेजात इतिहास शिकवतेस ना? मंग आमच्या शिवाराची नावं लिव. सातबाऱ्यावर निस्ते आकडे हायत.”

तिथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. पण बाबा ती नावं आठवून सांगायचे नाहीत, चालत चालत सांगायचे. खुर्चीत बसून डोळे मिटायचे, उघाडीपाशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवायच्या दारापाशी, उभे राहायचे आणि बांधावरून निघायचे. “आता डाव्या अंगाला चिंबोरीची. तिचा बांध उतरला का भुताचा तुकडा. हितं चपला हातात घे, चिखल हाय.” मध्येच कुणी आलं तर वाटेत थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच बांधावरून पुढे. आवाज मात्र रेकॉर्ड करू दिला नाही. त्यांचा मोठा भाऊ गेल्यावर वहिनी फोनवर त्याचा आवाज लावून रडत बसायची, ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी आपली फोनवर टाइप करत जायची, नावाखाली नाव, समोर जेमतेम एक ओळ. एक दिवस फिरून पुन्हा उघाडीपाशी आले, डोळे उघडले आणि म्हणाले, “झाला. आता तुज्याकडं लिवलेलं हाय. मी इसरलो तरी चालंल.”

आणि खरंच विसरायला लागले. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी त्यांनी मला विचारलं, “बाय, तू कोनाची?”

तेव्हा तरी मी कागद घेऊन नकाशा काढायला बसायचं ना! पण नाही. मला आधी नीट ‘सिस्टीम’ हवी होती. टवटवीत चेहऱ्याची मुलं व्हिडिओत सांगत होती, हे ॲप म्हणजे तुमचा दुसरा मेंदू, आणि एका टिपणात एकच गोष्ट ठेवा. पहिला मेंदू शेजारच्या खोलीत विझत होता आणि मी दुसरा निवडत बसले होते. ती लांबलचक यादी मी फोडली, प्रत्येक शेताचं वेगळं टिपण केलं, त्याला पीक, माती, मालक अशी लेबलं लावली. ते सॉफ्टवेअर पटलं नाही म्हणून सगळं दुसऱ्यात हलवलं, तिथून आणखी एकात. फोनमधली मूळ फाइल फार गचाळ दिसायची, ती पुसून टाकली. काय देखणं दिसत होतं सगळं! नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो बराच वेळ खाली-वर करत राहिला. मग म्हणाला, “मस्त झालंय गं. पण कशाच्या शेजारी काय?”

नावं अकारविल्हे लागली होती. तारखेप्रमाणे लावून बघितली, तर सगळ्यांवर तारीख एकच, शेवटच्या हलवाहलवीची. बॅकअप, जुना फोन, कचऱ्याची टोपली, सगळं पालथं घातलं. नाव एकही हरवलं नव्हतं, फक्त वाट गेली होती. सरकारी नकाशात नंबर आहेत, पण कुठल्या नंबराला कुठलं नाव ते सांगणारं बाबांच्या वयाचं गावात कुणी उरलं नाही. मला स्वतःला आठवत होतं ते भुताच्या तुकड्यापर्यंतच. त्या दिवशी मी रागाने रडले. अजूनही रडू येतं.

परवा सकाळी ते गॅलरीत बसले होते. मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसले. “बाबा, शेतावर जाऊ या?” त्यांनी लगेच डोळे मिटले. मी वाचलं, “उघाडीची.” मान हलली. यादीत पुढे ‘क’ होता. “कावळ्याची,” मी म्हटलं.

डोळे खाडकन उघडले. “आगं आगं, तिकडं कशी गेलीस? मदी खाडी हाय! बुडशील!” माझं मनगट धरलं त्यांनी, घट्ट.

मला केवढा आनंद झाला! “मग कुठून जाऊ, बाबा? भुताच्या तुकड्यापर्यंत येते मी. त्याच्या पुढे काय लागतं?”

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. ओठ हलत राहिले. मी वाट बघत राहिले. मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि लहान पोरीची समजूत काढावी तसे हसले.

“मला कशाला ईचारतेस? तुज्याकडं लिवलेलं हाय ना.”